आयर्विनची पातळी दर दहा मिनिटांनी, साखरेची तपासणी आठ महिने नाही: एकाच माणसाचं असं का होतं?

प्रश्न पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा आहे. वडील ६२ वर्षांचे, घरात त्यांना अण्णा म्हणतात, सांगलीत नदीपासून जवळच घर. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की अण्णा दर दहा मिनिटांनी मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघतात, रात्री दोनला उठूनसुद्धा. पण दोन वर्षांपूर्वी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.२ आलं होतं. पायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी तीच तपासणी पुन्हा लिहून दिली, ती चिठ्ठी अजून कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेली आहे. विषय काढला की ‘तपासलं की काहीतरी निघतंच’ म्हणून चिडतात. हा हट्ट समजायचा का, आणि करायचं काय?

हट्ट समजू नका. काही माणसं खोदून खोदून विचारणारी असतात, काही डोळे मिटून घेणारी, हे खरं आहे; सुझान मिलर यांनी १९८७ मध्ये हा कल मोजायची प्रश्नावलीच तयार केली होती. पण अण्णा दोन्ही करतात. म्हणजे नुसत्या स्वभावावर बोट ठेवून उत्तर मिळणार नाही, दोन माहित्यांमध्ये काय फरक आहे तो बघावा लागेल.

अनिश्चितता माणसाला ओढतेही आणि मागेही रेटते. ओढणार की रेटणार हे साधारण तीन गोष्टींवर ठरतं. टाली शारोट आणि कास सन्स्टीन यांनी २०२० मध्ये त्या नेमक्या मांडल्या: कळलं तर त्याचा उपयोग काय, कळल्यावर मनाला कसं वाटेल, आणि आपल्या डोक्यातलं चित्र त्यानं किती स्पष्ट होईल. कागद-पेन्सिल न घेता आपण सगळेच हा हिशोब करतो. आता तो नदीला लावून बघा. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पाणी किती फुटांवर आलं की काय करायचं हे अण्णांना पाठ आहे: माळ्यावर काय चढवायचं, गाडी कुठे न्यायची, विश्रामबागेत कोणाकडे जायचं. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर बघितलेले असल्यामुळे चित्रही जवळपास पूर्ण आहे, फक्त आजचा आकडा तेवढा हवा. म्हणून तो आकडा ओढतो.

साखरेच्या बाबतीत यातलं काहीच नाही. आकडा आला तर पुढे काय, हे अण्णांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम शेवटचं टोक येतं: जन्मभर गोळ्या, इन्सुलिनची सुई, गल्लीतल्या कोणाचा तरी कापलेला अंगठा, मिरजेला डायलिसिसच्या चकरा. मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाबद्दल जे मांडलं ते इथे कामाचं आहे: आपल्याला बरंच ठाऊक आहे आणि थोडंसं राहिलंय, अशी फट दिसली की माणूस ती भरायला धावतो. काहीच अंदाज नसेल तर कुतूहल जागंच होत नाही. सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर २००९ मध्ये झालेल्या एका प्रयोगातही हेच दिसलं: ज्या उत्तराबद्दल अर्धवट खात्री असते तेच सगळ्यात जास्त हवं असतं, पूर्ण खात्री किंवा पूर्ण अंधार असेल तर ओढ कमी.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे, आणि घरच्यांच्या तो लक्षात येत नाही. पूर आला तर दोष पावसाचा, कोयनेचा, अलमट्टीचा. साखर वाढली तर दोष अण्णांचा. ‘तरी सांगत होते, चहात दोन चमचे घालू नका’, ‘लग्नात जिलेबी कोणी खाल्ली?’ रिपोर्ट येण्याआधीच निकाल लागलेला असतो. ज्या माहितीबरोबर बोलणी खावी लागतात ती माहिती माणूस लांब ठेवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची हे धोरण रोगाच्या भीतीपेक्षा या अपमानाच्या भीतीनंच जास्त वेळा धरलं जातं. त्यामुळे घरात पहिला बदल करायचा तो जिभेवर.

हे फक्त आजारपणात होतं असंही नाही. तासगाव भागात शीतगृहात बेदाणा ठेवलेला शेतकरी भाव चढत असताना अडत्याला रोज फोन करतो आणि भाव उतरायला लागले की आठ-आठ दिवस करत नाही. माल तोच, गरज उलट वाढलेली, पण फोन नाही. शेअर बाजारातल्या गुंतवणूकदारांचं असंच वागणं कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी यांनी २००९ मध्ये आकड्यांनिशी दाखवलं: बाजार पडला की लोक आपलं खातं उघडून बघणं कमी करतात. बघितलं नाही तर तोटा अजून ‘झालेला’ नसतो. एचबीए१सी केलं नाही तर अण्णा अजून ‘शुगरवाले’ नसतात. अनिश्चितता इथे त्रास देत नाही, आशा सांभाळते. म्हणून ‘एकदा काय ते कळलं की तुमचीच चिंता मिटेल’ हे वाक्य अशा माणसावर चालत नाही. त्यांना ती चिंता मिटवायचीच नसते, कारण तिच्या आत आशा आहे.

आता ‘तपासलं की काहीतरी निघतंच’ याबद्दल. हे वाक्य खोडून काढायला जाऊ नका, कारण त्यात तथ्य आहे. प्रयोगशाळेतली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा अशी आखलेली असते की १०० निरोगी माणसांपैकी ९५ तिच्या आत बसतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या धडधाकट माणसावर केल्या, तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर जायची शक्यता सुमारे ६४ टक्के. सवलतीत मिळणारं ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलं की तीन-चार पानांचा रिपोर्ट येतो, त्यात कुठेतरी ठळक अक्षर असतंच आणि अण्णांचं म्हणणं खरं ठरतं. ते पॅकेज करूच नका. ज्या तपासणीच्या उत्तरानं पुढचं पाऊल बदलणार आहे तेवढीच करा. ६.२ चा इतिहास आणि पायाला मुंग्या असतील तर ती यादी छोटी आहे: एचबीए१सी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, जीवनसत्त्व बी१२, आणि डॉक्टरांनी पायमोजे काढायला लावून केलेली पायांची तपासणी. मधुमेह निघालाच तर डोळ्यात थेंब घालून आतल्या पडद्याची तपासणी, ती नंतर. बाकी काही लागलं तर डॉक्टर सांगतील.

बी१२ मुद्दाम लिहिलं आहे. पायाला मुंग्या म्हणजे साखरच, असं नाही. बी१२ कमी असलं तरी मुंग्या येतात, शाकाहारी माणसात ही कमतरता बऱ्याचदा सापडते, आणि वेळेत कळली तर इंजेक्शन-गोळ्यांनी भरून काढता येते. अण्णांना हे सांगण्यासारखं आहे. त्यांच्या मनात तपासणीचं उत्तर एकच आहे आणि ते वाईट आहे. ‘उपायाला सोपं असं काही निघू शकतं आणि न बघितल्यामुळे तेही राहून जातंय’ हे कळलं की हिशोबाचा काटा थोडा हलतो. खोटा दिलासा मात्र देऊ नका. ‘काही निघणार नाही हो’ म्हणालात आणि ७.४ आलं, तर पुढच्या तपासणीच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

मुख्य काम आता सांगतो. आकडा यायच्या आधी, आकड्यापुढची कृती ठरवून लिहून ठेवायची. अण्णा पुराच्या बाबतीत हेच करतात, फक्त ते डोक्यात असतं. डॉक्टरांना फोन करून किंवा भेटून विचारा, ‘अमुक आलं तर तुम्ही काय कराल?’ साधारण असं उत्तर मिळेल: ५.७ च्या खाली आलं तर साखरेचा विषय सध्या बंद, मुंग्यांचं कारण दुसरीकडे शोधायचं. ५.७ ते ६.४ म्हणजे मागच्यासारखंच, चालणं, वजन, जेवणातला भात-भाकरीचा हिशोब, आणि पुढची तपासणी कधी ती तारीख. ६.५ किंवा वर आलं तर एकदा खात्री करून औषध; सुरुवात बहुधा गोळीनं होते, सुईनं नाही. आकडा फारच वर असेल तर वेगळा विचार, तो डॉक्टर करतील. या चार ओळी अण्णांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या. लिहिताना ते विचारतील, ‘म्हणजे लगेच इन्सुलिन नाही?’ हा प्रश्न आला की समजा, माणूस उत्तराच्या दिशेनं वळला.

दुसरी पायरी, फट दिसेल एवढी माहिती हातात देणं. घरी ग्लुकोमीटर असेल तर तो उपयोगी पडतो, पण सांभाळून. सकाळी उपाशीपोटी १०४ आलं की अण्णा म्हणतील, ‘बघ, आहे का काही?’ आणि दार कायमचं बंद. उपाशीपोटीची साखर ठीक असून जेवणानंतरची वाढलेली असू शकते. शिवाय मधुमेह आहे की नाही हे घरच्या मीटरवर ठरवत नाहीत. त्यामुळे मोजायचं असेल तर तीन दिवस, उपाशीपोटी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी, असे सहा आकडे. हात साबणानं धुऊन कोरडे करून. बोटाला गुळाचा चिकटा राहिला असेल तर मीटर खोटा आकडा दाखवतो. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा, झाकण उघडं ठेवू नका. सहा आकडे एका ओळीत दिसले की ते वर-खाली का होतात हा प्रश्न माणसाला स्वतःलाच पडतो, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी कशासाठी हवं ते न समजावता समजतं. अण्णा पातळीचे चढ-उतार वाचायला सरावलेले आहेत. ही सवय इथे फुकट मिळालेली आहे, वापरा.

तिसरं, वाटेतले खडे उचलायचे. टाळाटाळीमागे प्रत्येक वेळी खोल भीती शोधू नये; पुष्कळदा नुसती दगदग असते. रेबेका थॉर्नटन यांनी मलावीत केलेला प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एचआयव्हीची तपासणी झालेल्या लोकांपैकी स्वतःहून निकाल न्यायला आले फक्त ३४ टक्के. अगदी किरकोळ रक्कम देऊ केली तरी हे प्रमाण दुप्पट झालं, आणि केंद्र जितकं लांब तितके लोक कमी आले. एवढ्या भीतिदायक माहितीच्या बाबतीत एवढ्याशा गोष्टीनं फरक पडला. अण्णांसाठी याचा अर्थ असा: एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही, हे त्यांना बहुधा ठाऊकच नाही. सांगली-मिरजेत लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, त्याला तुम्ही पुण्याहून वेळ देऊ शकता. अर्थात अण्णांना विचारूनच. ‘आईचं रक्त घ्यायचंय’ असं सांगून माणूस घरी बोलवायचा आणि मग ‘आलाच आहे तर तुमचंही’ करायचं, ही युक्ती एकदा चालते आणि त्यानंतर काहीच चालत नाही.

आईला आघाडीवर पाठवू नका. घरात रोज दोन वेळा ताट वाढणारी व्यक्ती पहारेकरी झाली की जेवणाचं युद्ध होतं. भाऊ, मित्र, सकाळी फिरायला बरोबर असणारे कोणी, यांच्यापैकी ज्याला साखर आहे आणि तरी ज्याचं व्यवस्थित चाललंय अशा माणसाशी गप्पा होऊ द्या. गोळी घेऊन आमराईत चार फेऱ्या मारणारा समवयस्क डोळ्यांसमोर असेल तर मधल्या पायऱ्या दिसतात.

घाबरवणं तर नकोच. सडलेल्या पायाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणारे नातेवाईक प्रत्येक कुटुंबात एक-दोन असतात. भीती वाढली आणि हातात करण्यासारखं काही दिलं नाही, तर माणूस धोका कमी करत नाही, भीती कमी करतो. ती कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे फोटो पुसून टाकणं आणि विषय काढणाऱ्याचा फोन न उचलणं.

फोनवर काय बोलायचं? ‘तपासणी केलीत का?’ हा प्रश्न बंद करा, त्याला ‘नाही’ हे एकच उत्तर आहे आणि ते दिल्यावर दोघांनाही वाईट वाटतं. त्याऐवजी: ‘अण्णा, मुंग्यांचं कारण शोधायचं की आणखी थोडे दिवस थांबायचं, हे तुम्हीच ठरवा. थांबायचं असेल तर कुठपर्यंत, ती तारीख सांगा, तोवर मी विषय काढणार नाही.’ आणि खरंच काढू नका. न बघण्याचा हक्क मान्य केला की माणसाची निम्मी ताकद जी नकारात खर्च होत असते ती मोकळी होते. आणखी एक गोष्ट संशोधनात दिसली आहे (हॉवेल आणि शेपर्ड, २०१२): जमेची बाजू आधी आठवली, आपण कशात चांगले आहोत यावर थोडं लिहिलं-बोललं, की नकोशी माहिती टाळण्याचं प्रमाण घटतं. २०१९ च्या पुरात गल्लीतल्या कोणाकोणाला त्यांनी बाहेर काढलं, हे आधी बोलून घ्या. हे लाडीगोडी म्हणून करू नका, त्यांना लगेच कळेल.

हा हक्क कुठे मानायचा याला मात्र मर्यादा आहे. हंटिंग्टनसारख्या मेंदूच्या आनुवंशिक आजारात जनुक तपासून भविष्य कळतं, पण आजार थांबवायचा उपाय नाही. तिथे धोका असलेले बहुसंख्य लोक तपासणी करत नाहीत आणि कोणी त्यांना वेडं म्हणू नये. साखरेचं तसं नाही, लवकर कळलं तर करण्यासारखं पुष्कळ आहे. आणि पायाची जखम भरत नसेल, पाय काळा-निळा पडत असेल, खूप तहान-लघवी होऊन वजन उतरत असेल, नजर एकदम अंधुक झाली असेल किंवा सुस्ती, उलट्या, धाप असेल, तर हे सगळं मानसशास्त्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. मुलानं ती विचारलेली नाही, पण रात्री दोनला उठून पातळी बघणं हेही आजारपणच ओढवून आणतं. माहिती मिळणं हे मेंदूला स्वतंत्र बक्षीस वाटतं. ब्रॉम्बर्ग-मार्टिन आणि हिकोसाका यांच्या २००९ च्या प्रयोगात माकडांना मिळणारं पाणी तेवढंच राहणार होतं, तरी ते किती मिळेल हे आधी सांगणारी खूणच ती निवडत होती, आणि डोपामिनच्या पेशी त्या खुणेलाही बक्षिसासारखाच प्रतिसाद देत होत्या. मोबाइल उघडणं हे तसंच आहे. चढ इंचांत मोजला जातो, दहा मिनिटांत निर्णय बदलेल असं काही घडत नाही, मग मधली जागा जुने व्हिडिओ आणि ‘कोयनेतून आत्ताच एवढे लाख क्युसेक सोडले’ असले फॉरवर्ड भरून काढतात.

बघू नका असं सांगून उपयोग नाही, कमी पण नेमकं बघायला लावा. आयर्विनचा आकडा म्हणजे झालेली गोष्ट. पुढचं कळायचं तर वरचं बघावं लागतं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, तिथून बहे, ताकारी, भिलवडी करत सांगलीला पोचतं, त्यामुळे कराड आणि भिलवडीची पातळी चढती आहे की उतरती हे आयर्विनपेक्षा आधी बोलतं. वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खाली मिळते. तिला पूर असेल तर कृष्णेचं पाणी पुढे सरकायला वेळ लागतो. म्हणून तीन नोंदी ठेवा: विसर्ग, भिलवडी, आयर्विन. वेळा ठरवा, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री दहा. जिल्हा प्रशासनाच्या आकड्यांशिवाय दुसरा आकडा वहीत लिहायचा नाही.

घराचा स्वतःचा आकडा काढा. २०१९ ला आयर्विन ५७ फुटांच्या वर गेला होता. त्या वेळी आणि २०२१ ला आयर्विन किती असताना पाणी तुमच्या पायरीला लागलं, ते शेजाऱ्यांशी ताडून बघा. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागात इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं, तेव्हा ४० आणि ४५ हे शहराचे आकडे आहेत, घराचे नव्हेत. पायरीच्या आकड्यातून पाच फूट वजा करा: तिथे कागदपत्रं, औषधं, चार्जर पिशवीत. तीन फूट वजा: गाडी, गॅस सिलिंडर, धान्य हलवायचं. दोन फूट वजा आणि वरची पातळी चढतीच असेल तर घर सोडायचं, मग रात्र असो की दिवस. चढ जोराचा असेल तर आणखी आधी. रात्रीचा आकडा बघायची पाळी कोणाची हे वाटून घ्या, आणि पुण्याचा मुलगा त्यात धरा. जागणारा माणूस दुसरा आहे आणि ठरलेला फूट आला तर तो फोन करणारच आहे, हे पक्कं असेल तर अण्णा झोपतात.

शेवटी तपासणीच्या दिवसाबद्दल, कारण इथे चांगली तयारीही फसते. लंडनच्या यूसीएल विद्यापीठात २०१६ साली झालेल्या एका प्रयोगात हाताला विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता कमी-जास्त केली गेली. लोकांना सगळ्यात जास्त ताण आला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना, झटका नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे. रक्त दिलं आणि रिपोर्ट नाही, हा काळ तसा आहे. शनिवारी रक्त दिलं, रिपोर्ट रात्री नऊला मोबाइलवर आला, त्यात आकड्यापुढे बाण, आणि डॉक्टर सोमवारी. असं झालं तर पुढची तपासणी विसरा. म्हणून मंगळवार-बुधवार धरा. सकाळी रक्त, त्याच संध्याकाळची किंवा दुसऱ्या दिवसाची डॉक्टरांची वेळ आधीच घेतलेली, लॅबला नंबर द्यायचा तो अण्णांनी सांगितलेल्या माणसाचा. रिपोर्ट आधी कोण उघडणार आणि आकडा मोबाइलवर ऐकायचा की डॉक्टरांसमोर, हेही अण्णांनाच विचारून घ्या.